चुका तीनपेक्षा जास्त झाल्या तर

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार आहेत. एकाला मशीन नवं हवं असतं, दुसऱ्याला जुनं परत हवं असतं. पहिल्याचं काम अर्ध्या दिवसात होतं. दुसऱ्याचं काय होईल ते सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो दुसराच आवडतो.

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आले होते. नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात पत्त्यांचे दहा खेळ होते, तरी त्यांना त्यांचा पंधरा वर्षांपूर्वीचाच हवा होता. म्हणाले, "यात पत्ते वाटताना आवाज येत नाही हो. समोर कुणी बसलंय असं वाटत नाही." दाताचे एक डॉक्टर होते. दवाखाना उघडण्याआधी विटा फोडायच्या एका गेमचा एक डाव खेळल्याशिवाय त्यांचा हात स्थिर होत नसे. लोक याला वेडेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. माणसाच्या बोटांना एकदा एखादी गोष्ट माहीत झाली की ती सोडवत नाही, हे मी या धंद्यात पाहिलेलं आहे.

तर दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्यावर पहिला विचार आला तो नाही म्हणायचा. मी शिकलेला माणूस नाही. माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्याही पुढं. नववीत इंग्रजी आणि गणित दोन्ही विषय गेले आणि मी परत शाळेत गेलो नाही. मामेभाऊ इकडं वाळूजला कंपनीत होता, त्याच्या मागं आलो. सहा महिन्यांत कंपनीनं माणसं कमी केली आणि त्या माणसांत मी होतो. भाऊ गावी परत गेला. मला परत जायची लाज वाटली. औरंगपुऱ्याजवळच्या एका गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबाहेर 'माणूस पाहिजे' असा कागद लावलेला होता. आत सलीमभाई बसले होते.

"पढा कितना?"

"नववी जी."

"ये जी क्या? इधर हौ बोलते."

"हौ जी," मी म्हणालो.

ते एवढे हसले की हातातला स्क्रू पडला. तो मी शोधून दिला आणि तिथंच लागलो. आज अठरा वर्षं झाली. सलीमभाईंनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, मशीन उघडण्याआधी त्याला कान लावायचा. दुसरी, गिऱ्हाईकाची वस्तू म्हणजे अमानत. ती आपल्याकडं थोड्या वेळासाठी आहे, तिला काही झालं तर आपल्याला झालं असं समजायचं. मी मुळातच घाबरट. त्यामुळं ही दुसरी गोष्ट माझ्या अंगात जरा जास्तच भिनली. कुठलंही मशीन हातात घेतलं की आधी त्याच्या मागच्या बाजूचं चित्र वहीत काढतो, कुठली वायर कुठं होती ते. माझं नाव देवा, पण दुकानातली बाकीची मंडळी मला 'ड्रॉइंग मास्तर' म्हणतात. म्हणू देत.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातून जे झालं तेच सांगणार आहे.

मुकुंदवाडीला स्टेशनच्या अलीकडं सोनवणेबाईंचा टायपिंगचा क्लास आहे. बाई सत्तरीच्या. खडखड वाजणाऱ्या टाइपरायटरपासून शिकवत आल्या. नंतर सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तसे त्यांनीही कॉम्प्युटर आणले. पण एका कोपऱ्यात, देव्हाऱ्यात देव बसवावा तसं, एक फार जुनं मशीन होतं. विंडोज यायच्या आधीचं. त्यावर एकच गेम चालायचा आणि तो बाईंनी स्वतः बनवलेला होता.

गेमचं नाव 'विहीर'. वरून मराठी अक्षरं पडतात. खाली विहीर. अक्षर पाण्याला लागायच्या आत त्याची कळ दाबायची. दाबली की अक्षर नाहीसं होतं, नाही दाबली की विहिरीत पडतं आणि मशीन 'डुबुक' असा आवाज करतं. विहिरीला पायऱ्या होत्या. दहावी पायरी म्हणजे मिनिटाला दहा शब्दांचा वेग, तिसावी म्हणजे तीस शब्दांचा. परीक्षेला तीस लागतात. प्रत्येक मराठी अक्षर बाईंनी आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून काढलेलं होतं, कारण तेव्हाच्या त्या मशीनला मराठी येत नव्हतं. शंभरच्या वर अक्षरं आणि काने-मात्रा, एकेक ठिपका मोजून. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शेतात धान रोवणाऱ्या बायांच्या ओळी आठवल्या. एवढी सरळ रांग मी कुठल्याच कॉम्प्युटरवर पाहिली नव्हती.

बाईंचा फोन आला की मशीन घरघर करतंय, धूळ काढून द्या. मी गेलो. मशीनसमोर बिडकीनच्या सुनंदाताई बसलेल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. त्यांचे मिस्टर एका सरकारी कार्यालयात लिपिक होते, ते वारले. त्यांच्या जागी ताईंना अनुकंपेवर घेतलं. पण त्या नोकरीची अट अशी असते की ठरलेल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाते. ताई दोनदा नापास झालेल्या होत्या. मुदतीतली शेवटची परीक्षा एकवीस दिवसांवर होती. घरी दोन पोरं आणि सासू.

"दादा, बिघडवू नका बरं," त्या उठता उठता म्हणाल्या. "ह्याच मशीनवर माझे हात चालतात. दुसऱ्यावर बसले की नाय चालत."

"हिची तिसावी पायरी पार होते इथं," बाई म्हणाल्या. "तिथं परीक्षेत घड्याळ लावलं की हात गारठतात हिचे. बाकी काही नाही. भित्री आहे."

"व्हय, भित्री हाय," ताईंनी लगेच मान्य केलं.

मी कान लावला. पंखा घासत होता, एवढंच. वायरींचं चित्र काढलं, मशीन वळवलं, ब्रशनं मागची जाळी झाडली, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं फटीतली धूळ उकरली. मशीन परत जागेवर ठेवलं, वायरी चित्राप्रमाणं लावल्या आणि बटण दाबलं.

ढुम्म.

आतून ठिणगी, मग करपलेला वास, मग धुराची एक बारीक रेघ.

जुन्या मशीनच्या मागं एक छोटं लाल बटण असायचं. परदेशात काही ठिकाणी विजेचा दाब आपल्यापेक्षा निम्मा असतो, तिकडंही मशीन चालावं म्हणून. ते बटण तिकडच्या बाजूला सरकलं आणि आपली वीज लावली की मशीन फुटतं. धूळ उकरताना माझ्या स्क्रू ड्रायव्हरनं ते सरकवलं होतं. माझ्या चित्रात सगळ्या वायरी होत्या. बटण नव्हतं.

बाई आधी माझ्याजवळ आल्या. माझा हात उलटासुलटा करून पाहिला. "लागलं का रे तुला?"

"नाही जी."

मग त्यांनी मशीनकडं पाहिलं. सुनंदाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आता?"

मी सलीमभाईंना फोन लावून मशीन फुटल्याचं सांगितलं.

"मर गयी क्या?"

"मीच मारली भाई."

"तू जिंदा है ना? फिर रो मत. उठाके ला इधर."

दुकानात सलीमभाईंनी मशीन उघडलं. वीज देणारा डबा गेला होता आणि जाताना मुख्य बोर्डालाही घेऊन गेला होता. तसला बोर्ड आता मिळत नाही. आम्ही भंगारवाल्यांकडं दोन दिवस हिंडलो, तीन बोर्ड आणले, तिन्ही मेलेले. पण हार्डडिस्क वेगळी काढून तिला वीज दिली आणि भाईंनी मला खुणावलं. मी कान लावला. आत चकती फिरत होती. मला आईचा आवाज फोनवर ऐकू आल्यासारखं झालं. गेम शाबूत होता. तो नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतला.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. जुना गेम नव्या मशीनवर तसाच चालत नाही, आणि चालला तर वेड्यासारखा चालतो. जुन्या काळी प्रोग्राम लिहिणारा मशीनला थांबवायला काय करायचा? त्याला आकडे मोजायला लावायचा. 'एक ते तीन हजार मोज, मग अक्षर एक घर खाली सरकव.' जुनं मशीन बिचारं सावकाश मोजायचं, तेवढ्यात माणसाला अक्षर दिसायचं. नव्या मशीनचं तीन हजार मोजून होतं तेव्हा आपली पापणीसुद्धा हललेली नसते. त्यामुळं आम्ही नव्या लॅपटॉपवर 'विहीर' सुरू केली तेव्हा सगळी अक्षरं एकदम कोसळली आणि 'डुबुक' हा आवाज शिटीसारखा झाला.

यावर उपाय आहे. नव्या मशीनच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर मिळतं. जगभरच्या हौशी लोकांनी ते फुकट बनवून ठेवलंय. आम्ही दुकानात त्याला सोंगाड्या म्हणतो. सोंगाड्याला किती मंद व्हायचं ते सांगता येतं. एका कळीनं मंद, दुसरीनं जलद. पण नेमकं किती मंद? मेलेल्या मशीनचा वेग कुठं लिहून ठेवलेला नव्हता. तो वेग आता जगात एकाच जागी शिल्लक होता, सुनंदाताईंच्या बोटांत.

मी लॅपटॉप घेऊन मुकुंदवाडीला गेलो. साडेसहाच्या सुमाराला ताई ऑफिसातून आल्या. मधल्या दिवसांत बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून त्या शेजारी बसल्या, पडद्याकडं बघायची त्यांना मनाई होती. ताई बसल्या, मी कळा दाबायला लागलो.

"लई जोरात हाय."

मी कमी केलं.

"आता मेलं की काय."

थोडं वाढवलं.

"अजून. अजून इत्तुसं. हां! व्हय व्हय, हेच."

त्यांचे खांदे खाली आले. मी तो आकडा वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

पण मी घाबरट माणूस. एका माणसाच्या म्हणण्यावर सोडवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, दोन मिनिटं तुम्ही बसा, बघू नका, मी अक्षर सांगतो तसं दाबा. बाईंची बोटं संधिवातानं वाकलेली, पण कळ चुकत नव्हती. मी मोबाईलच्या घड्याळावर मोजलं. तिसाव्या पायरीवर वरून पाण्यापर्यंत यायला अक्षराला तीन सेकंद लागले, आणि बाई म्हणाल्या, वेग बरोबर आहे. मग सुनंदाताई बसल्या. पायरी तीच, आकडा तोच. पहिल्यांदा तीन सेकंद. थोड्या वेळानं चार. नंतर साडेचार.

मी सोंगाड्यावर संशय घेतला. मग लॅपटॉप तापतोय असं वाटलं, म्हणून त्याखाली पाट ठेवला. दुसरा लॅपटॉप आणला. त्यावरही तेच. बाईंच्या हाताखाली तीन, ताईंच्या हाताखाली चार. दिवस चालले होते. परीक्षेला आता पंधरा दिवस राहिले होते आणि मी अजून घड्याळच लावत बसलो होतो. ताई रोज आल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं.

सलीमभाईंना सांगितलं. ते चहा बशीत ओतत होते.

"मशीन आदमी पहचानती क्या रे?"

"नाही."

"सोंगाड्या पहचानता?"

"नाही."

"तो फिर कौन बचा?"

गेम बचा. म्हणजे गेमच्या आत बाईंनी काय लिहिलंय ते वाचायला पाहिजे. मशीनचं लोखंड मला कळतं, पण प्रोग्राम इंग्रजीत असतो. ज्या विषयानं शाळा सोडवली तोच सात-आठशे ओळींचा होऊन समोर आला होता. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पंचवीस-तीस वर्षं झाली रे. मला कुठं आठवतंय? आणि डोळे हे असे. तू वाच, मी ऐकते."

"बाई, मला इंग्रजी येत नाही."

"अक्षरं येतात ना? ती वाच."

ताई यायला अजून तासभर होता. मी पडद्याला नाक लावून एकेक अक्षर वाचायला लागलो, पहिलीतल्या पोरासारखा. बाई काळ्या चष्म्यामागं डोळे मिटून बसल्या होत्या. "व्ही. ई. जी."

"वेग," बाई म्हणाल्या.

मी थांबलो. परत वाचलं. वेग! पुढं 'ए, के, एस, एच, ए, आर' होतं. अक्षर. 'पी, ए, एन, आय'. पाणी. बाईंनी सगळी नावं मराठीतच दिलेली होती, फक्त लिपी इंग्रजी. ज्याला मी इतकी वर्षं भ्यालो ते असं आपल्या घरचं निघालं. मी भराभरा वाचायला लागलो. जिथं 'जर' आणि 'तर' यांची इंग्रजी आली तिथं बाई सांगत होत्या. माझी भीती कधी गेली ते कळलंच नाही. आजवर मी पुष्कळ मशिनी उघडल्या, पण एखाद्या माणसाचं डोकं आतून इतकं नीटनेटकं असू शकतं हे मी त्या दिवशी पाहिलं. कुठं पसारा नाही. प्रत्येक कामाला जागा, प्रत्येक जागेला नाव.

आणि मग ती ओळ आली.

"सी, एच, यू, के, ए," मी वाचलं. "चुका. जर चुका तीनपेक्षा जास्त, तर वेग... वेगात चारशे मिळवा."

"काय?" बाई सरळ बसल्या.

वेग म्हणजे त्या प्रोग्राममध्ये किती आकडे मोजायचे ते. चारशे मिळवले म्हणजे मशीन जास्त वेळ मोजत बसणार, अक्षर हळू पडणार. तीनपेक्षा जास्त अक्षरं विहिरीत पडली की गेम गुपचूप मंद होत होता. पुन्हा तेवढी पडली की आणखी मंद. पडद्यावर कुठं काही दाखवत नव्हता. वर पायरी तीसची तीसच.

"तिच्यावरच्या ओळीत आणखी काही लिहिलंय," मी म्हणालो. प्रोग्राममध्ये मशीननं वाचायची नाही अशी, माणसांसाठीची टीप लिहिता येते. तशी ती टीप होती. मी वाचली. "मुलगी रडते."

बाहेरून गाडी गेली, टेबलावरची काच थरथरली.

"पहिल्या बॅचची होती," त्या म्हणाल्या. "चितेगावहून यायची. अक्षरं पडायला लागली की रडायची. दोनदा उठून गेली. मी त्याच संध्याकाळी ही ओळ घातली. मग नाही गेली ती." थोडं थांबून म्हणाल्या, "नाव आठवत नाही बघ."

माझं डोकं दुसरीकडं गेलं होतं. तीनाऐवजी चार सेकंद म्हणजे तीस शब्दांची पायरी खरी बावीस-तेवीसची. साडेचार सेकंद म्हणजे वीसची. आणि बाईंकडूनच ऐकलं होतं, सुनंदाताई परीक्षेत दोन्ही वेळा त्याच आकड्याच्या आसपास थांबल्या होत्या.

मी कबूल करतो, माझ्या मनात पहिलं हेच आलं की गप्प बसावं. गेम जसा होता तसा चालवून दिला, माझं काम झालं. कुणाला कधी कळलं नसतं. ज्या बाईंनी मशीन फुटल्यावर आधी माझा हात पाहिला त्यांना हे मी कसं सांगणार होतो? पण बाईंचा हिशेब माझ्या आधी झाला होता.

"म्हणजे ती कधी तिसाव्या पायरीवर गेलीच नाही."

"नाही जी."

"आणि मी तिला दोन वर्षं सांगतेय, तू भित्री आहेस म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला. डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हणून सांगितलेले डोळे ओले होते. मी तसं म्हणालो तर म्हणाल्या, "तू तुझं मशीन बघ."

ताई आल्या. मला वाटलं बाई आडून सांगतील, हळूहळू सांगतील. बाईंनी त्यांना पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

"सुनंदा, माझी चूक झालीये. ऐक." आणि सगळं सांगितलं. ओळ कुठली, का घातली, ताईंचा खरा वेग किती. माझ्यासमोर, हातचं काही न राखता. इतक्या वर्षांत मी कुठल्याही मोठ्या माणसाला आपल्या विद्यार्थ्यासमोर असं उभं राहिलेलं पाहिलं नाही.

ताई ऐकत राहिल्या. मी दाराकडं बघत होतो, कारण आता काय होणार ते मला बघायचं नव्हतं.

"मंजी मी भित्री नाय?" ताई म्हणाल्या.

"नाहीस."

"निस्ती हळू हाय?"

"हो. बावीस-तेवीसची आहेस."

आणि सुनंदाताई हसल्या. तोंडावर पदर धरून, खुर्चीत बसून, बराच वेळ. "अवो बाई, मग मला तवाच सांगायचं ना! मी आपली घरी देवाला म्हणतेय, माझी भीती काढ, भीती काढ. ऑफिसातले म्हणतेत ताई, घाबरू नका. आन् मी घाबरतच नव्हते! हळूला काय, हळूला इलाज हाय."

"किती दिवस राहिले?" बाईंनी मला विचारलं.

"पंधरा."

"ती ओळ काढ."

प्रोग्राममधली ओळ पुसायची नसते. सलीमभाईंची शिकवण, अमानतीतलं काही टाकून द्यायचं नाही. ओळीच्या आधी एक खूण घातली की मशीन ती ओळ वाचत नाही, ओळ मात्र जागेवर राहते. आम्ही त्याला ओळ झोपवणं म्हणतो. मी ती ओळ झोपवली. माझ्या आयुष्यात प्रोग्रामला लावलेला तो पहिला हात.

त्या संध्याकाळी तिसाव्या पायरीवर निम्मी अक्षरं विहिरीत गेली. डुबुक, डुबुक, डुबुक. बाईंनी ताईंना बावीसवर आणून बसवलं. 'डुबुक' झालं की बाई अक्षर कुठलं ते विचारायच्या, आणि दोन दिवसांत त्यांना कळलं की बुडणारी अक्षरं तीच तीच आहेत, सगळी डाव्या करंगळीची. गेम आधी सांभाळून घेत होता म्हणून हे कधी ऐकूच आलं नव्हतं. मग बाईंनी ती करंगळी धरली. टेबलाच्या कडेवर, बसमध्ये पिशवीवर, भाजी निवडताना ताटावर, जिथं बसतील तिथं ताईंची करंगळी चालू. चोवीस. सव्वीस. एक दिवस परत चोवीस. त्या दिवशी मात्र ताई पिशवी उचलून लवकर निघाल्या आणि मला वाटलं, मीच यांचं होतं ते मोडलं. मी दुकानात तसं बोललोही.

"देवा," सलीमभाई म्हणाले, "तूने जो तोडा वो मशीन थी. ये तो तूने खोला है."

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिसाव्या पायरीवर पाच अक्षरं बुडाली. बाई म्हणाल्या, पाच चालतात.

निकाल लागला त्या दुपारी बाईंचा फोन आला. एकच शब्द बोलल्या, "झाली." मी दुकानाच्या मागं जाऊन गावी आईला फोन लावला. तिला सुनंदा कोण ते माहीत नव्हतं, टायपिंग काय ते माहीत नव्हतं. तरी ती म्हणाली, बरं झालं बाबा.

नव्या बॅचच्या वेळी बाईंनी मला परत बोलावलं. झोपवलेली ओळ उठव म्हणाल्या, पण पहिल्या महिन्यापुरती. आणि गेम मंद झाला की वर तसं दिसलं पाहिजे. "वेग कमी केला आहे", एवढी अक्षरं पडद्यावर यायला हवीत. मी म्हटलं, मला कसं जमेल? पडणारी अक्षरं मोठी होती, या ओळीला बारीक हवी होती, म्हणून त्यांनी कपाटातून आलेखाचा कागद आणि पेन्सिल काढून दिली. मी चौकटी रंगवत बसलो. माझा 'ल' की 'ग' कुठलातरी वाकडा झाला होता, बाईंनी तीनदा करायला लावला. मुकुंदवाडीच्या त्या क्लासात आजही पोरी चुकल्या की पडद्यावर जी ओळ येते ती माझ्या हातची आहे. माझ्या गावात हे कुणाला कळणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

जुनं मशीन गेलं ते गेलंच. त्याची खंत आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक जुन्या मशीनच्या लाल बटणावर मी आता आधी चिकटपट्टी लावतो, मग चित्र काढतो.

तीन-चार महिन्यांनी सुनंदाताई रिक्षातून दुकानाशी उतरल्या. सोबत त्यांच्या ऑफिसचं एक मशीन आणि हातात कार्यालयाचं पत्र. विषय : संगणक दुरुस्त करून मिळणेबाबत. सलीमभाईंनी चष्मा चढवून पूर्ण पत्र वाचलं, मग माझ्याकडं दिलं. पानभर मजकूर होता. मी करंगळीची अक्षरं शोधून शोधून पाहिली. एकही चूक नव्हती.

"ताई, हे टाइप कुणी केलं?"

"मीच की."

"किती वेळ लागला?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"मोजलं नाय," म्हणाल्या.